दुधाचा टेम्पो थांबत नाही

हिर्डोशीच्या वरच्या वाडीला मी गेले ती एका तक्रारीपायी. ती तक्रार कोणी नीट वाचलीही नव्हती.

आधी थोडं सांगायला हवं, कारण माझं काम बऱ्याच जणांनी पाहिलेलं नसतं. संगणकावर एक काळा पडदा उघडता येतो. त्यावर चित्रं नसतात, बटणं नसतात. हुकूम टाइप करायचा आणि एंटर दाबायचं. फाइल कॉपी कर, ओळी मोज, हरवलेलं शोध, अशा एकेका कामाला एकेक छोटा प्रोग्रॅम असतो. यातले पुष्कळसे कोणा कंपनीच्या कुलपात नसतात. त्यांचा मजकूर सगळ्यांना खुला असतो. कोणीही वाचावा, दोष दिसला तर दुरुस्ती सुचवावी. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून, पगाराशिवाय, त्यांची डागडुजी करत असतात.

मी पुण्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिलीच. वर्गात हात वर करायला मला अजून भीती वाटते. पण इथं सगळं लिहून बोलायचं असतं, त्यामुळे जमतं. कॉपी करणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये मी बरेच दिवस बारीकसारीक दुरुस्त्या करत होते.

या प्रोग्रॅममध्ये एक जुनी सोय होती. कॉपी मध्येच तुटली तर अर्धी फाइल जपून ठेवायची आणि पुढच्या वेळी तिथूनच पुढे जायचं. नव्या आवृत्तीत ही सोय बंद केली, आणि महिनाअखेर ती मूळ मजकुरातूनही काढायचं ठरलं. देखरेखीचं मुख्य काम बघणारे गृहस्थ परदेशात असतात. त्यांनी लिहिलं होतं, "चालू कॉपीत डिस्क उपटणं ही वापरणाऱ्याची चूक आहे. चुकीसाठी सोय ठेवायची नसते. ही सोय रोज वापरणारा एक तरी माणूस दाखवा."

माणूस तिथंच होता. तक्रारींच्या पानावर एक नोंद 'असंबद्ध, बहुधा जाहिरात' असा शेरा मारून बंद केलेली होती. मी सहज उघडली. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत लिहिलं होतं: "दुधाचा टेम्पो आला की डिस्क द्यावी लागते. पूर्वी दुसऱ्या दिवशी पुढे चालू होत होते. आता परत पहिल्यापासून होते. मुले विचारतात. कृपया पूर्वीसारखे करावे. आपली विश्वासू," आणि खाली एका शिक्षिकेचं नाव, भोर तालुका.

मला सहसा राग येत नाही, निदान दिसेल असा. त्या दिवशी आला. दोन डोंगर ओलांडले की माझं गाव, आणि त्या बाईंची मराठी इथं कचरा म्हणून फेकलेली. मी बाईंना लिहिलं. काही दिवसांनी त्यांचं उत्तर आलं: "फोनवर कळणार नाही. येऊन बघा."

मग मी त्या परदेशी गृहस्थांच्या मजकुराखाली लिहिलं, "माणूस दाखवते." 

कापूरहोळ

घरी जाताना मला चेलाडीला उतरायची सवय. तिथून वेल्ह्याचा रस्ता फुटतो. या वेळी चेलाडी मागं गेली तेव्हा उगाच अपराधी वाटलं, आईला न सांगता पुढं चालल्यासारखं. कापूरहोळला उतरले. एका बाजूला ढाबे, दुसऱ्या बाजूला पंक्चरची आणि बॅटरीची दुकानं, आणि भोरकडे जाणारी वडाप जीप भरायची वाट बघत उभी. मला दोन बायकांच्या आणि एका पोत्याच्या मध्ये जागा मिळाली. समोर पांढरी टोपीवाले एक बाबा.

"कुणाची गं तू?"

"गुंजवण्याची. वेल्ह्यातली."

"मग हिकडं कुठं? वेल्हं तर तिकडं ऱ्हायलं."

"हिर्डोशीला चाललेय. शाळेतला कॉम्प्युटर बघायला."

"सरकारनं धाडली व्हय?"

"न्हाई."

"मग कंपनीनं?"

"कंपनी पण न्हाई बाबा. आम्ही असंच करतो. कुणी कुठला, कुणी कुठला. पगार नसतो."

बाबांनी शेजारच्या बाईकडं बघितलं. ती म्हणाली, "म्हंजी भजनी मंडळच की."

सगळी जीप हसली. मीही हसले. पण नंतर कॉलेजात कोणाला माझं काम समजावताना मी याहून चांगलं काही सांगू शकले नाही.

भोर

भोरला बाईंचे दीर भेटले. स्टँडजवळ त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. प्रकार त्यांच्याकडून कळला. वर डोंगरात चार वाड्यांवर चार छोट्या शाळा. कुठं रेंज नाही, कुठं असून नसल्यासारखी. मुलांना दाखवायचे धडे, म्हणजे मोठमोठे व्हिडिओ, हे दीर भोरला उतरवून घेतात आणि एका हार्ड डिस्कवर भरतात. डिस्क एकच, कोणीतरी देणगी दिलेली. ती दुधाच्या टेम्पोतून वर जाते. वरच्या शाळेत आधी उतरते. टेम्पो शेवटच्या वाडीचं दूध घेऊन परतला की लगेच खालच्या शाळेला, मग तिथून हातोहात त्याखालच्या, आणि संध्याकाळी भोरला परत. रोज असंच.

"मग बिघडवलं कोणी?" मी विचारलं.

त्यांनी झेरॉक्सच्या मशीनचं झाकण उघडलं, काही कारण नसताना पुन्हा लावलं.

"दिवाळीत वर गेलो होतो. म्हटलं वहिनींचा कॉम्प्युटर नवा करून देऊ. चांगल्यासाठीच केलं हो ताई! नवीन ते चांगलं असतं ना? नवीन आवृत्ती टाकली आणि ते अर्ध्यावरून चालू व्हायचं बंदच पडलं. आता वहिनी माझ्याशी फक्त टेम्पोवाल्यातर्फे बोलतात."

मी म्हटलं, त्यात तुमचा दोष नाही, सोय आमच्याकडूनच काढली गेली. त्यांना एवढं बरं वाटलं, की त्यांनी मला मिसळीवर मिसळ खायला घातली. पुण्यात मिसळीबरोबर पाव मोजून येतो. इथं ताटलीतला पाव संपायच्या आत दुसरा पडतो आणि नको म्हटलं तर दुकानदार रुसतो. त्या मुक्कामी दिरांच्या घरी मी पोट धरून झोपले.

टेम्पोतून वर

पहाटे टेम्पोच्या केबिनमध्ये चढले. चालवणारे बबनअण्णा, गळ्यात मफलर, बोलणं सारखं चालू. मागं रिकाम्या किटल्यांचा खडखडाट. डिस्क एका प्लास्टिकच्या डब्यात फडक्यात गुंडाळलेली होती.

"ताई, ते मांडीवर घ्या. खड्डे लई हायत. एरवी मी त्याला सीटवर बसवतो, माणसावानी."

भात काढून झालेला होता. खाचरांत नुसती खुंटं, बांधावर पेंढ्याच्या गंज्या. धरणाचं पाणी वळणावळणाला बाजूला यायचं आणि त्यावर धुकं असं बसलेलं, की पलीकडचा डोंगर पाण्यातून वर आल्यासारखा वाटायचा. आमच्या गुंजवण्यालाही धरण आहे. पाण्याखाली आमच्याही लोकांची जमीन आहे. पण आम्ही धरणाकडं बघतो ते राजगड डोक्यावर घेऊन. इथं डोंगर पसरट आहे, आभाळ जास्त आहे.

मी धीर करून विचारलं, "अण्णा, शाळेपाशी थोडा वेळ जास्त थांबता नाही का येणार? कॉपी पुरी होईपर्यंत?"

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी टेम्पो धरणात घालायला सांगितला होता.

"दूध हाय ताई. खाली येळंवर गेलं न्हाई तर नासतंय. म्या एकासाठी थांबलो की चार वाड्यांचं दूध नासलं. परवा सासरा म्हनला, जावई, पान खाऊन येतो, थांबा. न्हाई थांबलो. चालत आला बिचारा."

वरची वाडी

शाळा म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पडवी. बाई दारातच उभ्या होत्या. चाळिशीच्या, बारीक, आवाज मात्र मैदानावरचा. त्यांनी आधी डिस्क घेतली, मग मला आत घेतलं.

संगणक जुना होता, वर क्रोशाचा रुमाल. मागच्या भिंतीवर पाढे रंगवलेले, आणि पाढ्यांखाली त्याच निळ्या ऑइलपेंटनं कॉपीचा हुकूम लिहिलेला, शेवटी अर्ध्यावरून पुढे जाण्याच्या त्या सोयीसकट. आधीच्या गुरुजींची बदली झाली तेव्हा जाता जाता ते रंगवून गेले. पोरं तो हुकूम पाढ्यांच्याच चालीवर म्हणतात. जो शब्द काढून टाकायला एका परदेशी पानावर चर्चा चालली होती, तो इथं भिंतीवर होता आणि दुसरीतल्या पोरींना पाठ होता.  

"बाई, तुम्हाला तक्रार तिथं करायची हे कसं सुचलं?"

"सुचायचं काय? पडद्यावर खालीच लिहून येतं, दोष आढळल्यास अमुक पत्त्यावर कळवा. आढळला. कळवला."

इतकं सरळ. ते वाक्य मी हजारदा पाहिलं असेल. त्या सूचनेप्रमाणे वागणारं माणूस पहिल्यांदा भेटलं.

मुलांचं अडलं होतं ते देवमाशाच्या धड्यापाशी. तो धडा मोठा. पूर्वी थोडा थोडा करून दोन-तीन दिवसांत उतरायचा. आता रोज पहिल्यापासून, आणि टेम्पो आला की सगळं पुसलेलं. बाईंनी वर्गात देवमाशाचं नाव आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे पोरं रोज सकाळी विचारायची, "बाई, आला का?" जणू तोही टेम्पोतूनच यायचा होता.

मी घरून दुरुस्ती करून आणली होती. जुनी सोय परत, शिवाय थोडी हुशार. अर्ध्या फाइलची तारीख बघायची. ती मूळ फाइलपेक्षा जुनी निघाली तर ही दुसरीच कुठली फाइल समजून नव्यानं सुरुवात करायची. कॉलेजच्या संगणकावर सुरेख चालली होती. मी ती चढवली, हुकूम दिला. आकडे सरकायला लागले. पोरं माझ्या खांद्यावरून बघत होती. आणि लाइट गेली.

"असू दे," मी म्हटलं, "बरंच झालं. आता बघा, अर्ध्यावरून सुरू होईल."

लाइट आली. संगणक उठला. मी हुकूम दिला.

"पयल्यापासनं!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

तेवढ्यात खालच्या वळणावर हॉर्न वाजला. बाईंनी डिस्क काढली, फडक्यात गुंडाळली आणि गेल्या. मी त्या पडद्यापुढं बसून राहिले. महिनाअखेर जवळ आली होती, आणि ज्या माणसासाठी मी आले होते त्यालाच रिकाम्या हातानं सोडून परतावं लागणार असं वाटलं.

ठकूमावशींची पडवी

बाई ज्यांच्याकडं खोली घेऊन राहतात त्या ठकूमावशी. धनगरवाड्यातलं घर, दारात म्हशी, मागं शेळ्या. दुपारी त्यांच्या पडवीत लॅपटॉप उघडून बसले. एका करडानं माझ्या बॅगेचा पट्टा चघळून लोकरीसारखा केला. मावशींनी त्याला शिवी दिली आणि मला जेवायला बसवलं. नाचणीची भाकरी, कुळथाचं माडगं, घट्ट दही. आमच्याकडं पाहुण्याला तांदळाची भाकरी करतात, नाचणी दाखवायची लाज. इथं नाचणीच मानानं वाढली.

"काय गं, चालंना व्हय?"

"न्हाई मावशी. आणि तिकडचे साहेब म्हणतात, मधीच डिस्क काढणं हीच तुमची चूक."

"तो सायेब म्हशी पाळतो का?"

"न्हाई."

"मग कशाला बोलतो मधी? दूध काडलं की त्याला घाई असती. आमी न्हाई घाई करत, दूध करतं."

बाई आतून हसल्या. "हेच लिही त्यांना."

त्या हसण्यामुळंच बहुतेक मी मोकळी झाले. बाईंना विचारलं, या संगणकात आज तारीख काय दाखवतो? त्या म्हणाल्या, "ते विचारूच नको. लाइट गेली की तो कित्येक वर्षं मागं जातो. आम्ही तारीख फळ्यावर लिहितो."

आतली छोटी बॅटरी संपलेली. लाइट गेली की घड्याळ पुसलं जायचं, आणि आज केलेली अर्धी फाइल कैक वर्षांपूर्वीची दिसायची. माझी हुशार दुरुस्ती तिला परकी समजून फेकून देत होती. बॅटरी बदलता आली असती. दीर पुढच्या खेपेला पाठवतो म्हणालेच असते. पण मला वाटलं, या वाडीवर घड्याळ बंद पडलंय, तसं अजून कुठंतरी पडलेलं असणार. प्रोग्रॅमनं घड्याळावर विसंबायचंच कशाला? अर्ध्या फाइलचा शेवटचा तुकडा घ्यायचा, मूळ फाइलमधल्या त्याच जागेशी ताडून बघायचा. जुळला तर तिथून पुढं. आणि अर्ध्या फाइलच्या नावालाच 'अर्धवट' अशी शेपटी लावायची, म्हणजे ती पूर्ण असल्याचा भास कोणाला होणार नाही. अर्धी फाइल लोक पुरी समजतील, असंही साहेबांनी लिहिलं होतं; ती काळजी मात्र खरी होती.

ऊन उतरेपर्यंत लिहीत होते. मावशी मधून मधून येऊन पडद्याकडं बघायच्या आणि "झालं का?" विचारायच्या, जसं चुलीवरच्या भाताला विचारावं.

देवमासा

दुसऱ्या सकाळी डिस्क आली, कॉपी सुरू केली. अर्ध्याच्या आसपास असताना हॉर्न वाजला. या वेळी बाईंनी मला सांगितलं, "तू काढ." आयुष्यात मी चालू कॉपीत डिस्क कधी उपटली नव्हती. आम्हाला पहिल्याच तासाला तसं करू नका म्हणून शिकवतात. मी डोळे मिटून ओढली आणि पळत रस्त्यावर गेले. अण्णांनी टेम्पो पुरता थांबवलाही नाही, खिडकीतून डबा घेतला.

"जमतंय की ताई! तुमाला नोकरी लागली हितं."

त्याच्या पुढच्या सकाळी वर्ग नेहमीपेक्षा शांत होता. मी हुकूम दिला. पडदा क्षणभर काहीच बोलला नाही. तेवढ्यात तो तुकडे ताडत होता. मग आकडा उमटला. शून्य नव्हता. अर्ध्यावरचा होता, आणि पुढं सरकत होता.

"मधनं! मधनं सुरू झालं!" मावशींची नात हौसा ओरडली. भिंतीवरच्या हुकुमाला कोणीतरी टाळ्या वाजवल्या. टेम्पो वर जाऊन परत येण्याआधी धडा पुरा उतरला.

बाईंनी खिडक्यांना घोंगड्या लावल्या. समुद्र या मुलांनी पाहिलेला नाही. बराच वेळ नुसतं निळं पाणी. मग त्यातून ते प्रचंड अंग वर आलं, फवारा उडाला, आणि व्हिडिओतला आवाज सांगायला लागला, की देवमासा श्वास घ्यायला पाण्याबाहेर येतो.

 मग हौसा म्हणाली, "आमच्या म्हशीवानीच की! धरणात निस्तं नाक वर काडून बसती."

वर्ग इतका हसला, की बाईंना व्हिडिओ थांबवावा लागला. मी मात्र हसता हसता डोळे पुसत होते, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून घोंगडी नीट करत होते.

गुंजवणे

परतताना या वेळी चेलाडीला उतरले आणि घरी गेले. वडील गव्हाला पाणी देत होते. मी बांधावर बसून सगळी हकिकत सांगितली. त्यांना संगणक कळत नाही आणि मी तो फार समजवलाही नाही. एवढंच विचारलं, "आपली पाण्याची पाळी मधीच संपली तर?"

"तर काय? दारं मोडायचं, पाट वळवायचा. पाणी फुडच्याचं."

"आणि राहिलेले वाफे?"

"फुडच्या पाळीला. भिजल्यात ते सोडून फुडचे. भिजलेल्याला परत पाजत बसलं तर गहू कुजंल."

तिथंच, फोनला रेंज असलेल्या आंब्याखाली बसून, मी दुरुस्ती पाठवली. सोबत लिहिलं, की तुम्ही माणूस दाखवा म्हणालात. चार शाळा आहेत, एक डिस्क आहे आणि एक दुधाचा टेम्पो आहे. डिस्क मध्येच निघते, कारण पुढच्याची पाळी असते. आमच्या शेतातही पाणी असंच वाटून घेतात आणि कोणी त्याला चूक म्हणत नाही. तुमच्या पानावर 'असंबद्ध' म्हणून बंद केलेली तक्रार मराठीत होती आणि बरोबर होती.

पूर्वी मी अशा प्रत्येक निरोपाच्या शेवटी "माझं चुकत असेल तर क्षमा करा" असं लिहायचे. या वेळी लिहिलं नाही.

साहेबांचं उत्तर आलं. माणूस वाईट नव्हता. इतकी वर्षं एकट्यानं ओझं ओढून थकलेला वाटला. त्यांनी मजकूर बारकाईनं तपासला, शेवटचा तुकडा ताडायची कल्पना त्यांना पटली. पण हा भाग पुढं कोण सांभाळणार, मला हे जमणार नाही, असं म्हणाले. मी म्हटलं, मी सांभाळीन. त्यांनी दुरुस्ती घेतली.

मग प्रोग्रॅम कसा वापरायचा हे सांगणाऱ्या माहितीपानावरच्या एका वाक्यावरून जुंपली. मी लिहिलं होतं: "कॉपी चालू असताना डिस्क काढावी लागली, तर पुढच्या वेळी काम तिथूनच पुढे सुरू होईल." त्यांनी त्याच्या आधी जोडलं: "वापरणाऱ्याच्या चुकीमुळे." मी ते काढलं. त्यांनी पुन्हा लावलं आणि लिहिलं, की चुकीच्या सवयीला आपण मान देऊ नये. मी पुन्हा काढलं आणि लिहिलं, की ही सवय नाही, ही कामाची पद्धत आहे, आणि हा भाग सांभाळायचं मी कबूल केलंय, तर हे वाक्यही माझ्याच वाट्याचं आहे.

तिसऱ्यांदा त्यांनी ते लावलं नाही.

आता वाक्य तसंच आहे, 'चूक' हा शब्द न घेता. ज्या कोणाला तो शब्द तिथं हवा असेल, त्यानं हिर्डोशीच्या वर यावं. भोरहून पहाटेच निघावं लागेल. बबनअण्णा कोणासाठी थांबत नाहीत.